अकरा ओल्या खुंट्या

चुलीवरच्या फळीवरून खुंट्या काढल्या, पदरात घेतल्या आणि ओट्यावर ओतून मोजल्या. एकतीस भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी एकतीसच. मला बेचाळीस लागणार होत्या.

बाहेर पडवीत मामंजी बाजेवर बसले होते. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टर. देवळाचे वासे बदलताना शिडीवरून घसरले, त्याला महिना झाला होता. खुंट्यांचा खळखळाट त्यांनी ऐकला असणार. तिथूनच विचारलं,

"पुरतात न्हवं?"

"पुरतात," मी म्हटलं.

एवढंच बोलणं झालं. सव्वीस वर्षं झाली त्याला, पण तो शब्द मी विसरले नाही.

आमचं घर सुताराचं. आजऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथं पाऊस चार महिने छपरावर मुक्कामाला असतो, तिथलं. सासरे रवळू सुतार म्हणजे पंचक्रोशीतला नांगर, पाळणा आणि गाडीचं चाक. आमचे हे मात्र लाकडापासून लांब पळाले आणि ट्रकवर लागले; महिन्यातून चार दिवस घरी. मी माहेरी कधी लाकूड तासायचा वाकस हातात धरला नव्हता. सासूबाई गेल्यावर दुपारची मामंजींना करवत धरायला दुसरं कोणी नसायचं म्हणून धरू लागले. मग रंधा मारू लागले, मग पटाशी. पाच वर्षांत एवढं आलं, की मी मारलेल्या भोकात त्यांचं बोट अडखळेना.

त्या साली बालवाडीच्या लीलाबाईंनी पंचायतीकडून मुलांसाठी एक लाकडी घर मंजूर करून आणलं. आत बसून भातुकली खेळावी, शिडीनं चढावं, खिडकीतून हाका माराव्यात, असं. पोरं सतरा, आमची वैजू त्यांतलीच, पाच वर्षांची. मामंजींचा हात गळ्यात बांधलेला, तेव्हा सरपंच धोंडिबा म्हणाले की गडहिंग्लजहून माणूस आणू. मामंजी म्हणाले, काम सून करील. सगळी पंचायत हसली. कोणीतरी म्हणालं, भाकऱ्या कोण थापील मग, तुम्ही काय? तेव्हा मामंजी उठले आणि सगळ्यांदेखत बोलून गेले की, हे घर नीट उभं राहिलं न्हाई, तर माझ्या घरची बाई पुन्हा वाकसाला हात लावणार न्हाई.

घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं, ते पाणी मागावं तसं. पण त्या शब्दावर माझं सगळं टांगलेलं होतं. वाकस गेला की मला चूल, गोठा आणि विहीर उरणार होती. त्यांत वाईट काही नाही. पण लाकडाचा पहिला पापुद्रा रंध्यातून कुरळा होऊन निघतो, आणि त्याचा वास येतो, त्यानंतर माणूस पहिल्यासारखं राहत नाही.

मी बालवाडीत सुतळी घेऊन गेले. पोरांना ओळीनं उभं केलं, एकेकाची उंची घेऊन सुतळीला गाठ मारली. सगळ्यांत खालची गाठ वैजूची, सगळ्यांत वरची परटाच्या बाळूची. गुडघा कुठं येतो, त्यावर शिडीच्या पायऱ्या. मूठ केवढी, त्यावर कठड्याची जाडी. मामंजी बाजेवरून एकेक सांगत होते. पोराचं डोकं जिथं जाईल तिथून धडही जायला पाहिजे, न्हाईतर डोकंसुद्धा जाता कामा नये. कोपरा असा गोल कर, की आंधळ्यानं हात फिरवला तर त्याला कोपरा होता हे कळू नये. खांब मातीत गाडायचे नाहीत, वाळवीला जिना लागतो. दगडाच्या तळखड्यावर उभे करायचे. आणि खिळा एकही नाही. आमच्याकडच्या पावसात खिळा चार वर्षांत गंजतो, जाताना लाकूडही घेऊन जातो.

म्हणून खुंट्या. बाभळीच्या, वीतभर लांबीच्या. खुंटी करायची आणि चुलीवरच्या फळीवर वर्षभर धुरात टाकायची. तिच्यातलं पाणी सगळं गेलं पाहिजे. सुकी खुंटी खांबात ठोकली की खांबाची ओल थोडी पिते, फुगते, आणि मग ती खांबाचीच होऊन जाते. ओली खुंटी उलटी. उन्हात ती आकसते, सैल होते, आणि एक दिवस कोणाला न सांगता बाहेर येते. सासूबाई जात्यावर म्हणायच्या,

वरीसभर धूर प्याली, खुंटी काळी झाली बाई
लोखंडाच्या खिळ्याला ती, पाठ दाखवत नाही

घराचा आराखडा मी पडवीतल्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर कोळशानं काढला. चार खांब किंदळाचे. माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर फणसाच्या फळ्यांची जमीन. वर उतरतं छप्पर, दोन खिडक्या, एक दार. इथवर मामंजी मान डोलवत होते. मग मी पुढच्या बाजूनं आणखी दोन रेघा ओढल्या. गॅलरी. आजऱ्याला एका वकिलाच्या माडीला पाहिली होती मी. पोरं त्यात उभी राहतील, खाली बघतील, असं मनात होतं. खरं सांगायचं तर गाव खालून वर बघेल, हेही होतं.

मामंजी म्हणाले, "पोरांला कशाला गॅलरी? घर साधं असू दे. साध्यात मोडण्यासारखं काय नसतं."

मी रेघ पुसली नाही. ते त्या रेघांकडे बघून म्हणाले, "काम तुझं हाय. कर."

त्या गॅलरीनंच अकरा खुंट्या खाल्ल्या.

गॅलरी सोडून देता आली असती. एक वर्ष थांबूया म्हणता आलं असतं. पण उद्घाटनाचा दिवस ठरला होता, तालुक्याहून साहेब येणार होते, आणि पडवीत तो माणूस गळ्यात हात बांधून विचारत होता, पुरतात न्हवं. मी परसातल्या बाभळीची फांदी तोडली. अकरा खुंट्या तासल्या. ओलं लाकूड लोण्यासारखं तासलं जातं. चुलीत मुद्दाम ओली जळणं घातली, दोन दिवस त्यांना धूर दिला, तव्याची काजळी आणि करडईचं तेल चोळलं. तिसऱ्या दिवशी त्या बाकीच्या खुंट्यांसारख्याच काळ्या दिसू लागल्या. मग मी बेचाळीसही एका टोपलीत टाकल्या आणि हातानं ढवळल्या.

ते ढवळणं लक्षात ठेवा. कोणी पाहिलं नाही ते. मीही त्या वेळी त्याच्याकडे नीट पाहिलं नाही.

घर उभं राहिलं. खरंच देखणं झालं होतं. मामंजींनी डाव्या हातानं प्रत्येक कोपऱ्यावरून हात फिरवला, खांबाला खांदा लावून रेटलं. हललं नाही. ओल्या खुंट्या पहिल्या दिवशी गच्चच बसतात. ते एवढंच म्हणाले की, हात बसला तुझा. मी मान खाली घातली, ती लाजून घातली असं त्यांना वाटलं असावं.

उद्घाटनाला आठ दिवस होते. चैत्राचं ऊन. पोरं वर चढू नयेत म्हणून लीलाबाईंनी शिडी काढून खोलीत ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी बालवाडीच्या मागच्या आडावर पाणी आणायच्या निमित्तानं गेले. पोरं आत झोपली होती. घागर खाली ठेवली आणि खांबाशी उभी राहिले. कुठूनतरी 'कट्' असा बारीक आवाज आला. लाकूड उन्हात बोलतंच, मी मनाला सांगितलं. मग एकेका खुंटीवर अंगठा दाबत गेले. दहावी असेल की अकरावी, ती अंगठ्याखाली फिरली. केसभरच, पण फिरली.

मी पाचर घेऊन आले आणि तिच्या कडेनं ठोकून बसवली. म्हणजे एक सापडली, दहा राहिल्या. त्या दुपारी बाकीच्या सगळ्या घट्ट होत्या. उद्या कुठली सुटेल ते मला माहीत नव्हतं.

रोज दुपारी मी घागर घेऊन जाऊ लागले. शेजारची तानूबाई म्हणाली की, तुमच्या घरात काय पाण्याचा धंदा काढलाय काय गं. मी हसले. रात्री माझे हिशेब चालायचे. मे महिन्यात बालवाडी बंद. जूनमध्ये पाऊस लागला की लाकूड फुगेल, खुंट्या आपोआप आवळतील. म्हणजे काढायचा तो महिनाभरच. महिनाभर पोरं जपून चढली तर. पोरं कधी जपून चढतात का, हा प्रश्न आला की मी कूस बदलायचे. मामंजींना सांगावं म्हणून दोनदा पडवीपर्यंत गेले. दोन्ही वेळा ते प्लॅस्टरमधल्या हाताची बोटं हलवून बघत होते, आणि ती नीट मिटत नव्हती.

सातव्या दिवशी अजून एक सापडली. तिलाही पाचर मारली.

आठव्या दिवशी सकाळी मी वैजूची वेणी घालत होते. नवा फ्रॉक, हिरव्या रिबिनी. ती सारखी वळत होती. घर आमच्या आईनं केलंय, असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी रिबिनीची गाठ मारली आणि तिच्या कानाशी म्हटलं,

"आज वर चढू नकोस हं. खालीच खेळ."

"का?"

"मी सांगते म्हणून."

एवढं बोलून मी भाकरीकडे वळले. भाकरी करपली होती.

बालवाडीच्या अंगणात मांडव घातला होता. तालुक्याचे साहेब खुर्चीवर, सरपंच त्यांच्या शेजारी, बायका एका कडेला. पोरं सुतळीच्या गाठींसारखी उंचीप्रमाणे ओळीत उभी. शिडी लावलेली, तिला झेंडूची माळ. नारळ फुटला, भाषण झालं. साहेबांनी घराकडे बघून विचारलं, हे बाईंनी केलं? सरपंच म्हणाले, आमच्या गावात बायकाही मागे नाहीत. पंचायतीत हसले होते ते हेच तोंड होतं. पण मला हसू आलं नाही. मी खुंट्या बघत होते. उन्हात त्या काळ्याशार चमकत होत्या, सगळ्या सारख्या.

लीलाबाई म्हणाल्या, चला, आता ओळीनं चढायचं. परटाच्या बाळूनं पुढं पाऊल टाकलं.

"थांबा बाई," मामंजी उठले. "आमच्यात एक रीत हाय. नव्या गाडीत पयलं सुताराचं पोर बसतंय. पाळण्यात पयलं सुताराच्या घरचं मूल निजतंय. मग दुसऱ्याचं. हे घर सुगंधानं केलंय, तवा आधी तिची लेक."

गाडीची रीत मला माहीत होती. खेळायच्या घराला ती लागू होईल, हे माझ्या ध्यानीमनी आलं नव्हतं.

साहेबांना रीत आवडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामंजींनी डावा हात पुढे केला, वैजू ओळीच्या टोकाकडून पळत आली आणि शिडीपाशी येऊन थांबली. एक हात पायरीवर, एक फ्रॉकच्या घेरात.

"चढ बाळा."

ती चढेना.

"भ्यालीस व्हय? आजा हाय की हितं."

"भ्याले न्हाई मी," वैजू म्हणाली. शाळेत कविता म्हणतात तशा खणखणीत आवाजात. "आई म्हणाली, वर चढू नकोस."

टाळ्या थांबल्या. बायकांत कोणीतरी फिसकन हसलं आणि तेही मधेच राहिलं. मामंजींनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. करवतीच्या रेघेला डोळा लावून बघावं, तसं एक डोळा बारीक करून बघितलं. मला वाटलं, काहीतरी बोलता येईल. तिला सर्दी आहे, नवा फ्रॉक आहे. शब्द तयार होते. पण बाळू परटाचा एक पाय अजून पुढेच होता, ओळीच्या बाहेर. मी तो पाय बघत राहिले.

"अकरा खुंट्या ओल्या हायत," मी म्हटलं.

"काय?"

"फळीवर एकतीसच होत्या. अकरा मी ओल्या घातल्या. काजळी लावून."

मामंजी घराजवळ गेले. डावा तळवा एका खुंटीवर ठेवला, मग दुसरीवर. माझ्याकडे न वळता विचारलं,

"कुठल्या?"

"दोन सापडल्या. बाकीच्या ठाऊक न्हाईत."

"ठाऊक न्हाईत कशा? तूच ठोकल्यास."

"मिसळल्या होत्या."

"मिसळल्या, का तू मिसळल्यास?"

मांडवाच्या कनातीत वारा शिरला आणि गेला. "मिसळल्या मी," मी म्हटलं. "ओळखू येऊ नयेत म्हणून."

मग कोण काय बोललं ते मला एकसंध आठवत नाही. साहेब घड्याळ बघून उठले. सरपंचांचा चेहरा उतरला, मग चढला. बायकांमधून एक आवाज आला की, आपली तेवढी जपली हो. ते कोण म्हणालं ते मला माहीत आहे. तिची मुलगी ओळीत तिसरी होती आणि तिचं काही चुकलं नव्हतं. सरपंचांनी मामंजींना त्यांचा शब्द आठवून दिला. पंचायतीत काय बोलला होतास रवळू, घर नीट उभं राहिलं न्हाई तर?

"बोललोय. इसरलो न्हाई," मामंजी म्हणाले. "पण काम अजून झालंच कुठं? अजून कोण चढलं न्हाई. सुतारानं पोर चढवलं की काम झालं म्हणायचं. तवर त्याचंच काम हाय ते." आणि मग मला म्हणाले, "मोगरी आण. सगळ्या काढ."

मी मोगरी आणली. साहेबांची जीप गेली, मांडव रिकामा झाला, पोरं मात्र गेली नाहीत. मी उलट्या बाजूनं ठोकायची, खुंटी बाहेर यायची, पोरं मोजायची. त्यांना विसापर्यंतच येत होतं. वीस झाले की पुन्हा एक. सुक्या खुंट्या जीव खाऊन निघत होत्या. ओल्या दोन ठोक्यांत. एक तर मी हात लावताच माझ्या तळव्यात आली. ती गॅलरीखालच्या तुळईची होती. त्या तुळईवर आधी बाळू उभा राहिला असता, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागची.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा घर जमिनीवर होतं. खांब एका बाजूला, फळ्या एका बाजूला. मामंजी सगळा वेळ तिथंच एका दगडावर, उन्हात बसून होते.

घरी जाताना वैजू पुढं पळत होती. आम्ही दोघं मागे. निम्म्या वाटेवर त्यांनी विचारलं,

"वैजूला कवा सांगितलंस?"

"सकाळी. वेणी घालताना."

ते चालत राहिले. ओढा आला, तो ओलांडला. पलीकडे गेल्यावर म्हणाले,

"आज सतरा घरांत वेण्या घातल्या असतील गं. भांग पाडले असतील."

त्यानंतर त्या गोष्टीवर ते मला आयुष्यात काही बोलले नाहीत. बोलायला उरलंही काय होतं.

खुंटीला वर्ष लागतं. गावानं वर्षभर वाट बघितली. बालवाडीच्या वळचणीला दगडांवर रचून ठेवलेली ती लाकडं मी रोज वैजूला शाळेत पोचवताना बघायची, आणि मी बघते हे बाकीच्या बायका बघायच्या. ओलं लाकूड आलं बघा, असं एक-दोघी म्हणायच्या. मी ऐकून घ्यायची. घरी चुलीवर नव्या अकरा खुंट्या धूर पीत होत्या. गॅलरीच काढून टाकली, तेव्हा लागणार होत्या एकतीसच. तरी मी त्या केल्या. मामंजींचा हात सुटला, बोटं मिटू लागली. त्यांनी नांगर केला, पाळणा केला. त्या घराच्या लाकडाला मात्र हात लावला नाही.

पुढच्या चैत्रात मी घर पुन्हा उभं केलं. चार खांब, फळ्या, छप्पर, दोन खिडक्या, दार. साहेब नव्हते, सरपंच नव्हते, माळही नव्हती. लीलाबाई होत्या, नवी-जुनी पोरं होती. वैजू तेव्हा पहिलीत गेली होती. लीलाबाईंनी तिला शेजारच्या शाळेतून बोलावून आणलं. रीत ती रीत.

वैजू शिडीपाशी येऊन उभी राहिली. आणि तिनं आजोबांकडे बघितलं.

माझ्याकडे नाही. मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

मामंजी दगडावर बसून सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "मला काय इचारतीस? आईला इचार. घर तिचं हाय."

वैजूनं विचारलं नाही. अंगठ्यानं मातीत रेघ ओढत राहिली. आतापर्यंत माझी लेक माझ्या हातून डोळे मिटून औषध प्यायली होती. मी 'चढ' म्हणणार होते. शब्द ओठांपर्यंत आला, आणि मला कळलं की तो आता नुसता म्हणून चालणार नाही.

मी ओचा खोचला आणि शिडीला हात घातला. पोरं खिदळायला लागली. पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांच्या मापाच्या. माझे पाय त्यांत मावत नव्हते. दार वैजूच्या मापाचं. मी रांगत आत शिरले. आत बसले तर गुडघे हनुवटीला लागले आणि डोकं छपराला. श्वास धरून ऐकत राहिले. सगळं माझं वजन त्या फळ्यांवर होतं. कुठं काही बोललं नाही.

बाहेर पोरं गप्प झाली होती. खिडकीतून आडाचा रहाट दिसत होता आणि मामंजींच्या टोपीचा शेंडा. किती वेळ गेला कोण जाणे. मग शिडीवर वजन पडल्यासारखं वाटलं, अगदी हलकं. थांबलं. पुन्हा पडलं. दारात दोन हात आले, मग कपाळ, मग घामेजलेलं तोंड. तिनं मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं.

"सरक की जरा," ती म्हणाली.